पोट लहान झालं, मनाची भूक तेवढीच: बॅरिअॅट्रिक सर्जरीनंतर अन्नाशी पुन्हा जुळवून घेताना

बॅरिअॅट्रिक सर्जरी म्हणजे वजन कमी करण्यासाठी पोटावर केलेलं ऑपरेशन. त्यातला स्लीव्ह हा प्रकार केलेल्या माणसाच्या जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकलेला असतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे जठराच्या बायपासमध्ये, जठराची जी छोटी पिशवी उरते, तिच्यात सुरुवातीला जेमतेम ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे मावतात. हे सगळं ऑपरेशनआधी चित्र काढून समजावलेलं असतं. संध्याकाळी सहा वाजता दमून घरी येताना कोपऱ्यावरच्या वडापावाने जो दिलासा मिळायचा तो आता कुठून मिळवायचा, हे मात्र बहुतेकदा कुणी सांगत नाही. पुढचं सगळं लिखाण त्या सहा वाजताच्या वेळेबद्दल आहे.

एक गोष्ट आधीच मनाशी धरा. अन्न आपल्या आयुष्यात पाच-सहा कामं एकदम करत असतं: थकवा घालवणं, राग गिळणं, एकटेपणात सोबत करणं, माया दाखवणं, सण साजरा करणं आणि पोट भरणं. ऑपरेशनने यातलं फक्त शेवटचं काम सोपं होतं. बाकीची कामं बिनमाणसाची पडतात, आणि ती एकेक करून दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावी लागतात.

पहिले दोन महिने

क्रम साधारण असा असतो. एक-दोन दिवस नितळ पातळ पदार्थ, मग सुमारे दोन आठवडे दूध, ताक, गाळलेलं सूप, प्रोटीन पावडर. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, त्यानंतर मऊ शिजवलेलं, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण, अगदी थोडं. तुमच्या डायटिशियनचा तक्ता थोडा वेगळा असेल तर तोच पाळा.

या काळात, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, 'कशाला केलं हे?' असं वाटून रडू कोसळतं. हा विचार इतक्या जणांना येतो की तो येईल असं धरूनच चालावं. कारणं शरीरातही आहेत. पोटात जाणारे उष्मांक अचानक खूप कमी झालेले असतात. चरबी झपाट्याने वितळताना तिच्यात साठलेली इस्ट्रोजेनसारखी हार्मोन्स रक्तात येतात, त्याने मन हेलकावे खातं. शिवाय चावणं पूर्ण बंद असतं, आणि चावण्यातही एक समाधान असतं हे ते बंद झाल्यावरच कळतं. चावायला सुरुवात झाली की बहुतेकांचा हा पश्चात्ताप बराच ओसरतो.

तोवर काय करायचं? मुगाचं कढण स्टीलच्या फुलपात्रातून उभ्या उभ्या औषधासारखं पिऊ नका. आवडत्या वाटीत घ्या, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ घाला, कोमट असताना टेबलाशी बसून चमच्याने खा. पातळ असलं तरी ते जेवण आहे, आणि मनाला तसं दिसायला हवं. घरात फोडणी पडायची वेळ ठरलेली असेल तर तेव्हाच दहा मिनिटं चालायला बाहेर पडा.

आणि एक वही करा. पहिल्या पानावर ज्या दहा पदार्थांची सर्वांत जास्त आठवण येते ते लिहा. प्रत्येकापुढे लिहा की आठवण नेमकी कशाची येते. मिसळीपुढे 'रविवारची मित्रमंडळी' आणि आमरसापुढे 'आजोळ' असं लिहिलं गेलं, तर त्यातला अर्धा भाग अजूनही मिळवता येण्यासारखा आहे. उरलेल्या अर्ध्याचं दुःख होऊ द्या. आवडीची गोष्ट हातची गेल्याचं ते दुःख आहे. 'खाण्यासाठी काय रडायचं' म्हणून ते दाबलं की ते रात्री अकरा वाजता फ्रीजपाशी उभं राहतं.

ही भूक कुठली?

पोटाची भूक हळूहळू वाढते आणि तिला काहीही चालतं. मनाची भूक एकदम येते, आणि तिला शेवच हवी असते किंवा आइस्क्रीमच हवं असतं. स्लीव्हनंतर भुकेचं हार्मोन, घ्रेलिन, बरंच कमी होतं, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत खरी भूक फारशी लागतच नाही. तरीही वखवख होत असेल तर ती मनाची असते, तहान असते किंवा अॅसिडिटी. अॅसिडिटी फार फसवते: पोटात खड्डा पडल्यासारखं, कुरतडल्यासारखं वाटतं आणि माणूस खायला धावतो. नीट जेवून तासाभरात पुन्हा असं होत असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यावर गोळी असते, आणि कित्येकांची 'मला मनावर ताबाच नाही' ही टोचणी त्या गोळीने थांबते.

घरी करायची परीक्षा अशी. जेवून अर्धा तास झालेला असेल तर पाण्याचे चार-पाच घोट सावकाश घ्या आणि २० मिनिटं थांबा. मग स्वतःला विचारा: आत्ता बिनफोडणीचं घट्ट वरण किंवा नुसतं उकडलेलं अंडं दिलं तर खाईन का? उत्तर 'हो' असेल तर भूक खरी आहे, खा. 'छे, ते नको, चिवडा हवा' असं असेल तर वही उघडा आणि गेल्या तासाभरात काय घडलं ते एका ओळीत लिहा. कुणाचा फोन आला, कोण काय बोललं, किती वाजले. उष्मांक लिहायचे नाहीत. वेळ, काय खाल्लं किंवा खावंसं वाटलं, आणि त्याआधी काय झालं, एवढे तीनच रकाने. दोन आठवड्यांत आकृती दिसायला लागते, आणि बहुतेकांच्या वहीत रोजची एक-दोनच धोक्याची ठिकाणं निघतात.

सहा वाजताची गोष्ट

धोक्याचं ठिकाण सापडलं की तिथे दुसरं काहीतरी ठेवायचं. 'मन दुसरीकडे वळवा' हा सल्ला मोघम असल्याने टिकत नाही. नवी गोष्ट त्याच वेळी, त्याच जागी आणि साधारण तेवढाच वेळ घेणारी हवी, आणि तिच्यात शरीराला काहीतरी जाणवायला हवं.

उदाहरणार्थ संध्याकाळचे सहा. घरात आल्यावर स्वयंपाकघरात न जाता आधी कपडे बदला, गार पाण्याने हातपाय धुवा, पंख्याखाली दहा मिनिटं आडवे व्हा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. मग ठरलेलं खाणं: अर्धी छोटी वाटी चक्का, त्यावर भाजलेलं जिरं आणि सैंधव. हे खाणं वगळू नका. दुपारचं जेवण एक वाजता झालेलं असतं, त्यामुळे सहाला थकवा आणि भूक एकत्र आलेली असतात. नुसत्या विश्रांतीवर भागवलं तर आठ वाजता फरसाणाचा डबा उघडतोच.

राग आला असेल तर जिने उतरून दहा मिनिटं झपाझप चाला. एकटेपणा असेल तर फोन, पण आठवड्यातले दोन वार आणि माणूस आधी ठरवलेलं हवं, ऐनवेळी फोन लावायचं बळ नसतं. कंटाळा असेल तर हात गुंतवणारं काम घ्या: विणकाम, कपाटाचा एक खण आवरणं, कुंड्यांतली माती सैल करणं. टीव्ही नको, कारण टीव्हीपुढे हात रिकामेच राहतात. हे मनापासून सांगायला हवं की पहिल्या दहा-बारा वेळा यातलं काहीच वडापावाइतकं भारी वाटणार नाही. महिन्याभराने त्या वेळेची ओढ कमी झालेली जाणवते.

ताट कसं वाढायचं

तिसऱ्या-चौथ्या महिन्यातलं दुपारचं जेवण बघा. नाश्त्याची बशी घ्या आणि चहाचा चमचा. पनीरची भुर्जी तीन मोठे चमचे, घट्ट वरण दोन मोठे चमचे, मऊ शिजलेला दुधी एक चमचा, आणि बशीच्या कडेला फुलक्याचा चतकोर. मांसाहारी असाल तर भुर्जीच्या जागी अंडं किंवा काटे काढलेला मासा. आधी भुर्जी आणि वरण, मग भाजी, आणि जागा उरली तरच चतकोर. घास शेंगदाण्याएवढा. तो वीसेक वेळा चावून पातळ होऊ द्या, आणि तोवर चमचा खाली ठेवा. हातात चमचा असला की पुढचा घास आपोआप भरला जातो. जेवण २० ते ३० मिनिटांत संपवा. त्याहून लांबलं तर ते चरणं होतं.

ताजी मऊ पोळी, पाव आणि चिकट शिजलेला भात अडकतो, कारण चावल्यावर त्याचा पिठासारखा गोळा होतो आणि अरुंद वाटेतून पुढे सरकत नाही. कोरडं चिकनही अडकतं, म्हणून ते रश्शात मऊ शिजवलेलं हवं.

'पोट भरलं' ही जुनी खूण आता चालत नाही. नवी खूण प्रत्येकाची वेगळी असते: एक उचकी, नाकातून पाणी, शिंक, मोठा उसासा, छातीच्या हाडाखाली दडपण. ही खूण आली की थांबायचं. त्यानंतरच्या 'एकच घास'ने छातीत दुखतं, तोंडात फेस येतो, उलटी होते, आणि मग त्या पदार्थाचीच धास्ती बसते.

इथे आपल्या संस्काराची अडचण येते. पान टाकू नये, हे आपल्याला लहानपणापासून 'वदनि कवळ घेता'च्या जोडीने शिकवलेलं असतं. बशीत दोन चमचे उरले की जीव कासावीस होतो आणि ते संपवले जातात. यावर उपाय एकच: मोजून कमी वाढून घ्या, आणि टेबलावर झाकणाचा छोटा डबा आधीच आणून ठेवा. उरलेलं लगेच डब्यात, डबा फ्रीजमध्ये, पुढच्या वेळी तेच आधी खायचं. अन्न वाया जात नाही, आणि ते वाचवायला तुमचं पोटही लागत नाही.

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीनचा आग्रह डायटिशियन का धरतात, याचा मनाशीही संबंध आहे. प्रोटीन कमी पडलं की अशक्तपणा, चिडचिड आणि संध्याकाळची वखवख वाढते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम, २०० मिलिलिटर दुधात ६ ते ७ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत आपल्याला वाटतं त्याहून बरंच कमी असतं.

स्वयंपाक तुम्हालाच करायचा असेल तर

कित्येक घरांत ऑपरेशन झालेली बाईच चार माणसांचा स्वयंपाक करते. तिला रोज दोनदा त्या वासात उभं राहावं लागतं, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. आपलं जेवण आधी करून घ्या, मग ओट्याशी उभ्या राहा. सगळ्यांना वाढून शेवटी बसायची रीत निदान वर्षभर बाजूला ठेवा, आणि हे घरात स्पष्ट सांगा. मीठ-तिखट बघायला अर्धा चहाचा चमचा, एकदाच. दुसऱ्यांदा चाखायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या. पोरांच्या ताटातलं उरलेलं तोंडात टाकायची सवय सर्वांत चिवट असते. मुलांना आपापलं ताट स्वतः उचलून आवरायला लावलं तरच ती सुटते.

काहींना ऑपरेशननंतर वासच सहन होत नाही. तूप, चिकन, तळण यांनी मळमळतं, पूर्वी आवडणारी मिठाई अतिगोड लागते. हे बहुधा काही महिन्यांत निवळतं. तोवर त्या पदार्थावर 'नावडतं' असा शिक्का मारू नका.

आग्रह, समारंभ, उपवास

'एवढंसंच? आमच्या हातचं आवडत नाही का आता?' हा प्रश्न मायेने येतो, म्हणून तो जास्त लागतो. लांबलचक खुलासा केला की वाद वाढतो. एक वाक्य पाठ करून ठेवा: 'पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी थोडंच खायला सांगितलंय, पण तुमच्या हातची ही आमटी मला हवीच आहे, दोन चमचे द्या.' मागितलं की वाढणाऱ्याचा मान राहतो आणि मापही आपल्या हाती राहतं. ऑपरेशन नेमकं कसलं हे कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हा सर्वस्वी तुमचा प्रश्न. 'किती खराब झालीस गं' म्हणणाऱ्यांना 'तब्येत छान आहे' एवढं पुरे.

लग्नात पंगत आणि बुफे दोन्ही असतील तर बुफेकडे जा. तिथे छोटी वाटी घेऊन सावकाश खाता येतं, पानात कुणी वाढत नाही. निघण्यापूर्वी घरी थोडं प्रोटीन खाऊन जा.

नवरा-बायकोचं एकत्र बाहेर खाणं हा नात्याचा मोठा भाग असेल, तर जोडीदारालाही काहीतरी हरवल्यासारखं वाटतं आणि ते कधी टोमण्यांतून बाहेर पडतं. त्या ठरलेल्या दिवसाला दुसरं काही द्या: नाटक, टेकडी, लांबचा फेरफटका, आणि शेवटी एक सूप दोघांत.

उपवासाचं काय? पहिल्या वर्षात डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, आणि हरतालिकेचा निर्जळी तर नाहीच. तुम्ही एका वेळी गटागटा पाणी पिऊ शकत नाही, त्यामुळे शरीरातलं पाणी कमी पडलं की भरून काढता येत नाही. साबुदाण्याची खिचडी चिकट आहे आणि तिच्यात प्रोटीन नावालाच. पुढे परवानगी मिळाली तर दूध, दही, पनीर, राजगिरा, शेंगदाण्याची पातळ आमटी असा बेत करा. वर्षानुवर्षांचं व्रत मोडल्याची रुखरुख खरी असते. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून संकल्प बदलून घ्या, तेवढ्यानेही मन हलकं होतं.

घाबरल्यासारखं होतं तेव्हा

गोड किंवा मैद्याचं खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत पोटात कळ, धडधड, घाम, जुलाब आणि आडवं व्हावंसं वाटणं, याला डम्पिंग म्हणतात. ते बायपासनंतर जास्त दिसतं. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. रक्तातली साखर आधी भरकन चढते, मग इन्सुलिन जास्त सुटून ती खाली कोसळते. हात थरथरतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. कित्येकजण याला मनाचाच आजार समजतात, आणि बरं वाटावं म्हणून पुन्हा गोड खातात. दोन तासांनी तेच चक्र. असं झालं की ग्लुकोमीटरने साखर मोजा आणि आकडा वहीत लिहा. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यात घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, मग थोडं पनीर किंवा अंडं खा. आकडे डॉक्टरांना दाखवा. आकडा नेहमीसारखा असूनही जीव घाबरत असेल, तर तो मानसोपचारतज्ज्ञाला सांगायचा मुद्दा आहे, आणि तोही तितकाच खरा आहे.

जिथे पाय घसरतो

एकदा अडकल्याच्या भीतीने काहीजण महिनोन्महिने पातळावरच राहतात. त्यांनी एका वेळी एकच नवा पदार्थ, घरी, दुपारी, दोन चहाचे चमचे असा घ्यावा. नाही मानवला तर आठ दिवसांनी पुन्हा. तीनदा अडकला तर डॉक्टरांना सांगा, कारण वाट खरोखरच अरुंद झालेली असू शकते.

याच्या उलट टोक म्हणजे दिवसभर चरणं. बिस्किट, चिवडा, वेफर्स, आइस्क्रीम छोट्या पिशवीतून सहज घसरून जातं, खूण येतच नाही, आणि वजन तिथूनच परत चढतं. यावर उपाय म्हणजे खाण्याच्या पाच-सहा वेळा ठरवणं आणि बसल्याशिवाय काही न खाणं.

दारूबद्दल आम्ही ठाम आहोत: पहिलं वर्षभर नाही. बायपासनंतर, आणि काही प्रमाणात स्लीव्हनंतरही, ती रक्तात वेगाने चढते आणि जास्त चढते. पूर्वी जो दिलासा जेवणातून मिळायचा तो आता प्याल्यातून मिळायला लागतो, आणि दारूच्या व्यसनाचा धोका दुसऱ्या वर्षापासून वाढतो. पूर्वी कधीही न पिणाऱ्यांनाही हा धोका असतो. ऑनलाइन खरेदी आणि मोबाइलवरचे जुगाराचे खेळ हीसुद्धा याच वाटेवरची ठिकाणं.

मदत कधी मागायची

मुद्दाम उलटी काढणं, चावून थुंकणं, चोरून खाणं, दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली उदासी, झोप उडणं, जगणं नकोसं वाटणं: यातलं काहीही असेल तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर लगेच रुग्णालयात जा. थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) संपून तोल जाणं, दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं होणं असा मेंदूवर परिणाम होऊ शकतो. नैराश्याच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर त्या स्वतःहून बंद करू नका. बायपासनंतर काही गोळ्या, विशेषतः हळूहळू विरघळणाऱ्या, नीट शोषल्या जात नाहीत. डोस किंवा प्रकार बदलावा लागेल का हे विचारून घ्या.

दुसऱ्या वर्षी

वर्ष-दीड वर्षाने खरी भूक परत यायला लागते, वजन उतरायचं थांबतं, एखाद-दोन किलो वरही जातं. 'ऑपरेशन फसलं' असं वाटून घेऊ नका, ही शरीराची नेहमीची चाल आहे. वही पुन्हा काढा, दोन आठवडे तेच तीन रकाने भरा. पहिल्या पानावरची दहा पदार्थांची यादीही वाचा, कारण आता त्यातले काही परत आणता येतात.

समजा यादीत उकडीचा मोदक आहे. गणपतीत दुपारी आधी वरण आणि पनीर खाऊन घ्या. मग एकच मोदक बशीत घ्या, तुपाचे दोन थेंब घाला आणि कळी अलगद मोडा. नुसतं सारण चमच्याच्या टोकावर घेऊन जिभेवर ठेवा. गूळ विरघळेल, मग खोबरं चावलं जाईल, आणि शेवटी वेलची आणि जायफळ येईल. उकडीची पारी चिकट असते, म्हणून ती दोन घासांपुरतीच, नीट चावून. अर्धा झाला की थांबा आणि उरलेला शेजारच्याला द्या. पुढचा अर्धा तास शरीर काय सांगतं ते बघा. धडधड, घाम काहीच नसेल तर वहीत तारीख घालून लिहा: अर्धा मोदक, चालला, आणि कुणासोबत खाल्ला तेही.